हसायचं गाऱ्हाणं

सोम. २४ नोव्हें.

दिवसभर मालवणात प्रशिक्षण. विषय ‘हसरा वर्ग’. पुण्याहून आलेला तज्ज्ञ, वय माझ्या भाच्याएवढं, पायात पांढरे शुभ्र बूट. आम्हा सगळ्या मास्तर-बाईंना उभं केलं नि म्हणाला, एकमेकांच्या डोळ्यांत बघून हसा. आधी खोटं हसा, खरं मागून येईल. हॉ हॉ हॉ, ही ही ही. माझ्यासमोर आमचे मु.अ. परब सर. रिटायरमेंटला आलेले, आयुष्यात वर्गात कधी हसले नसतील. दाढ दुखत असल्यासारखं तोंड करून हॉ हॉ करत होते बिचारे. ते बघून मला खरंच हसू फुटलं, तर तज्ज्ञ म्हणतो, ‘बघा, मॅडमना जमलं!’

पण एक गोष्ट बोलला ती डोक्यात घेऊन आले. ज्या वर्गात पोर हसतं, त्या वर्गात जायचं म्हणून त्याचं पोट दुखत नाही. आमच्या चौथीत गणिताच्या पेपराला निम्म्यांची पोटं दुखतात. कारण मीच, दुसरं कोण. माझा आवाज. आंतोन म्हणतो, ‘फिलू, तू वर्गात बोलतंस आणि माका बाजारात आयकाक येता.’ नवराच तो, बोलणारच. पण खोटं नाही बोलला.

उद्या करून बघते.

मंगळ. २५ नोव्हें.

फजिती.

परिपाठ झाल्यावर म्हटलं, मुलांनो, आता आपण हसायचं. आणि केली सुरुवात. हॉ हॉ हॉ. पोरं दगड. पहिल्या बाकावरचा ओमकार (बाप बंदरावर मासळीचा लिलाव पुकारतो, हाही तसाच तोंडाळ) शेजारणीला विचारतो, ‘बाईंका काय झाला गो?’ सानिका तर रडायलाच लागली. तिला वाटलं मी रागावलेय आणि हा रागवायचा नवा प्रकार.

तन्वी खिडकीबाहेर बघत होती. नेहमीचंच.

खरं तर हसरा वर्ग वगैरे तिच्यासाठीच मनावर घेतलंय. लिहून टाकते एकदा. तिची आई, सुजाता, गोव्यात कळंगुटला हॉटेलात कामाला. नवऱ्याशी पटत नाही हे अख्ख्या वाडीला माहीत. आधी पंधरवड्याने घरी यायची. मग गणपती आले आणि ती आली नाही. आमच्याकडे चवथीला जो घरी येत नाही त्याचं नाव घरात हळू आवाजात घेतात. बाप ट्रॉलरवर, आठवडा आठवडा समुद्रात. घरात एक आत्या. त्या गणेशचवथीपासून पोर बोलत नाही. अक्षर सुबक, उत्तरं बरोबर, तोंड बंद. विचारलं की मान हलवते. हसणं तर सोडाच.

या पोरीला एकदा हसताना बघायचंय. बस, एवढंच. नोकरीत आणखी काही मागत नाही मी.

गुरु. २७ नोव्हें.

आज वर्गात काय झालं! लिहिताना पण हसतेय.

गणिताची चाचणी. पेपर वाटत होते, नेहमीसारखी स्मशानशांतता. तेवढ्यात ओमकार उभा. हात जोडले, डोळे मिटले, आणि देवळातल्या मानकऱ्याच्या सुरात :

‘बा देवा म्हाराजा!’

चार-पाच पोरं सवयीने म्हणून गेली, ‘व्हय म्हाराजा!’

‘आज आमच्या बाईंनी जो काय पेपर काढलेलो हा...’

‘व्हय म्हाराजा!’ आता सगळी.

‘तो तेंचो तेंका पण सुटांदे नको रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजाऽऽ!’

आणि मग सगळे गप. माझ्याकडे बघतायत, आता फुटणार म्हणून. फुटले मी, पण हसूनच. खडू पडला हातातून. डोळ्यांत पाणी. मी हसतेय बघितल्यावर पोरं सुटली ती सुटलीच. सानिकाला उचकी लागली. शेजारच्या वर्गातून परब सर डोकावून गेले.

त्यानंतर पेपर लिहिला सगळ्यांनी. कोणाचंही पोट दुखलं नाही.

घरी येताना विचार करत होते. जत्रा असो, लग्न असो, नवी होडी पाण्यात सोडायची असो, मानकरी देवाला गाऱ्हाणं घालतो आणि जमलेला गाव व्हय म्हणतो. मी चर्चला जाणारी, पण लहानपणापासून हेच कानावर. देऊळ आमच्या पायवाटेच्या पलीकडेच. इथल्या पोराच्या जिभेवर हे आयतं बसलंय आणि मी हॉ हॉ हॉ करत होते. धन्य माझी!

सोम. १ डिसें.

नियम ठरले. परिपाठानंतर रोज एक गाऱ्हाणं. ज्याला घालायचं त्याने हात वर करायचा. थोडक्यात आटपायचं. कोणाच्या घरच्या माणसाला, कोणाच्या दिसण्याला नावं ठेवायची नाहीत. शेवटचं ‘व्हय म्हाराजा’ झालं की सगळ्यांनी टाळी वाजवून मोठ्याने हसायचं. हा शेवटचा नियम माझा. तज्ज्ञ म्हणालाच होता, हसणं मोकळं हवं.

आज सानिका. एरवी एकेका शब्दाला अडखळते, वाचायला उभं केलं की घाम फुटतो तिला. गाऱ्हाण्यात कुठे अडखळली नाही. ‘शाळेच्या खिचडीत येक दिवस तरी सुंगटा पडांदे रे म्हाराजा!’ खिचडीत कोलंबी! व्हय म्हणताना पोरांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. माझ्याही.

शुक्र. ५ डिसें.

परब सरांनी ऑफिसात बोलावलं. शर्टाचं बटण चाळवत म्हणाले, ‘बाई, चाललंय ते छानच. पण गाऱ्हाण्याची टिंगल चालते असं कोणी म्हटलं तर? आणि तुम्ही... म्हणजे...’ पुढचं गिळलं.

‘सर, मी ख्रिश्चन. बोला की सरळ.’

‘तसं नाही हो बाई.’

तसंच होतं. डोकं सणकलं माझं. तरी संध्याकाळी स्कूटी काढली आणि गेले देवळाच्या मानकऱ्यांकडे. त्यांचा नातू दुसरीत आहे. सगळं सांगितलं. म्हातारा ऐकत बसला नि म्हणाला, ‘तेच्यात विचारूचा काय? पोरा हसली तर देवाक काय वायट वाटतला?’ मग जरा पुढे वाकून, ‘माका येक सांगा, खिचडीत सुंगटा पडली?’

म्हणजे गावभर झालंय. परब सरांना फोन करून सांगितलं. ते हसले. खरं हसले. तज्ज्ञ असायला हवा होता.

मंगळ. ९ डिसें.

बरं चाललंय. ओरडायची वेळच येत नाही फारशी. हसून झालं की पोरं वह्या काढून बसतात आपली आपण. गणिताला सुद्धा. आंतोन म्हणतो, ‘हल्ली बाजारात आवाज येणा नाय तुझो. बरी आसस मां?’

तन्वी व्हय म्हणते. ओठ हलतात, मी बघितलंय. हसण्याच्या वेळी मात्र खाली बघते.

बुध. १० डिसें.

तन्वीने हात वर केला.

म्हटलं, ‘ये गो बाय, ये पुढे.’ वर्ग एकदम चिडीचूप, कारण तिचा आवाज कित्येक दिवसांत कोणी ऐकलेला नव्हता. आली, हात जोडले. आणि नेमकी तेव्हाच दारात खिचडीवाली काकी. गॅस संपलाय, आता काय करू. मी वळले तिच्याकडे. एक कान इकडे, एक तिकडे. तन्वीचा बारीक आवाज चाललाय एवढंच कळत होतं. ‘व्हय म्हाराजा!’ ऐकलं, टाळ्या ऐकल्या, पोरं हसली. मी पण मान वळवली आणि हसले. मोठ्याने. टाळी वाजवून. नियमच तो.

तन्वी जागेवर जाऊन बसली. ओमकार मध्येच हसायचा थांबला. ‘बाई, ह्याका हसूचा नाय होता काय?’

कशाला? काय म्हणाली ती?

सानिकाने अडखळत सांगितलं. तन्वी म्हणाली होती, ‘बा देवा म्हाराजा, माझी आवस गोंयात हा. चवथीक पण इली नाय. तिका घराक येवची बुद्धी दी रे म्हाराजा.’

पोराने आई मागितली आणि आम्ही टाळ्या पिटून हसलो. आम्ही म्हणजे मी.

ती खिडकीबाहेर बघत होती. रडत नव्हती. मी काय करावं? जवळ जावं, पोटाशी धरावं. मी म्हटलं, ‘चला, भाषेचं पुस्तक काढा.’

लाज वाटते लिहायला.

गुरु. ११ डिसें.

तन्वी गैरहजर.

शुक्र. १२ डिसें.

आजही नाही. गाऱ्हाण्याला कोणी हात वर केला नाही, मीही विचारलं नाही. कोणाशी बोलावं तर बोलवत नाही, आणि गप्पही बसवत नाही. सगळा वेळ डोळ्यांसमोर तिचा तो रिकामा बाक.

शनि. १३ डिसें.

सकाळची शाळा सुटल्यावर तिच्या घरी. आत्या अंगणात बांगडे वाळत घालत होती. म्हणाली, ‘पोटात दुखता म्हणता बाई. शाळेची वेळ झाली काय दुखता. मगे बरी.’ पोटात दुखतंय! पुन्हा तेच.

तन्वी घरी नव्हती. ‘आसात हयच खंय तरी.’ बसले वाट बघत. नाही आली.

आत्याला सगळं सांगितलं, हसण्यासकट. तिचं हसण्याकडे लक्षच नाही. हातातला बांगडा तसाच. ‘वैनीचा नाव काढल्यान? सगळ्यांसमोर?’ मग इकडेतिकडे बघून, ‘दादा येतलो बुधवारी. तेच्या कानार जावंक देव नको बाई.’

म्हटलं, नाही जाणार. पण गावभर झालेलंच असणार, सुंगटांसारखं.

रवि. १४ डिसें.

चर्चमध्ये मिसाला गेले. गुडघे टेकले आणि डोक्यात टाळ्या. आंतोनला सांगितलं अखेर. पाव चहात बुडवत ऐकत होता. म्हणाला, ‘हसलंस तर जावन सांग, हसलंय म्हणान. पोरांका माफी मागूक लावतंस मां?’ एवढं बोलून दुसरा पाव घेतला. कधी कधी बरोबर बोलतो हा माणूस, आणि तेव्हा जास्तच राग येतो.

सोम. १५ डिसें.

वर्गाला सांगितलं, गाऱ्हाणं बंद.

ओमकार रडला. तो रडेल असं मला स्वप्नात वाटलं नव्हतं. ‘बाई, आमी हसलाव म्हणान ती येणा नाय?’

‘तुम्ही नाही रे. नियम माझा होता.’

त्याला पटलं नाही. दिवसभर वर्ग मेल्यासारखा. गणिताला सानिकाचं पोट दुखलं.

मंगळ. १६ डिसें.

घरी येताना तिठ्यावर एस.टी.च्या थांब्याकडे सहज नजर गेली, तर तन्वी. धुतलेला फ्रॉक, दोन वेण्या, लाल रिबिनी. बाकावर पाय हलवत बसलेली. आधी राग आला. पोट दुखतंय म्हणते आणि इथे बसते! स्कूटी लावली आणि जाऊन बसले शेजारी. राग टिकला नाही.

म्हटलं, ‘तन्वी, त्या दिवशी मी हसले. माझं चुकलं गो बाय. मी ऐकलंच नव्हतं तू काय मागितलंस ते.’

ती माझ्याकडे बघतच राहिली. ‘तेका काय जाता बाई? गाऱ्हाण्यात हसतत मां सगळे.’

‘मग तू शाळेत का येत नाहीस?’

‘आवस येतली. आत्या बाजारात गेलेली आसता. घराक कुलूप दिसला तर ती परत जायत.’

‘येणार म्हणून कोणी सांगितलं?’

‘सगळ्यांनी व्हय म्हटला मां!’ किती सरळ बोलली. जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारतेय. ‘तुमी पण.’

मी व्हय म्हटलंच नव्हतं. नुसती हसले होते. तिने तेही धरलं.

तेवढ्यात पणजीची गाडी आली. ती उठून उभी राहिली. टोपली घेतलेली एक म्हातारी उतरली, गाडी गेली. ती परत बसली. मला धीर दिल्यासारखं म्हणाली, ‘अजून येक गाडी आसा.’

इतके दिवस मी हसण्याच्या नावाने कपाळ बडवून घेत होते, आणि हिला हसण्याचं काहीच नव्हतं. हिने ऐकलं ते फक्त व्हय. गाव व्हय म्हणतो तेव्हा ते मागणं गावाचं होतं, देवाला ऐकावंच लागतं, हे तिला लहानपणापासून माहीत. आणि मला? मलाही माहीत होतंच की. मी त्याचा खेळ केला आणि खेळात ते लागू होत नाही असं धरून चालले. पोरीने नाही धरलं.

गंमत होती ती, असं तिला सांगू? मग ही परत कधी तोंड उघडेल?

दुसरी गाडी येऊन गेल्यावर घरी सोडलं. आत्याकडून सुजाताचा नंबर घेतला आणि तिथूनच, कुंपणापाशी उभी राहून लावला.

‘कोण? शाळेतल्या बाई? तन्वीक काय झाला?’ आवाज एकदम वर. मागे हॉटेलातला गोंगाट.

म्हटलं काही झालं नाही, आणि जे झालं ते सांगितलं. मग हळू, ‘बाई, सीझन आसा. नाताळ, न्यू इयर. ह्या दिवसांत सुट्टी मागली तर परत कामार घेवचे नाय.’

‘एक दिवस ये. एकच.’

‘बघतंय.’

आमच्याकडे ‘बघतंय’चा अर्थ काय होतो ते मला कोणी सांगायला नको.

शुक्र. १९ डिसें.

रोज शाळा सुटली की थांब्यावर. आंतोनला वाटतं मला वेड लागलंय. तन्वीचा बाप बुधवारी येऊन लगेच परत ट्रॉलरवर गेला, त्याच्या कानावर काही गेलं नाही म्हणते आत्या.

आणि तन्वी बोलते! तोंडाला खीळच नाही. कुठली गाडी कुठून येते, कुठला ड्रायव्हर हॉर्न जास्त वाजवतो, कुडाळच्या गाडीची खिडकी कशी अडकते. आई आली की तिला काय काय दाखवायचं. हे ऐकताना मात्र माझा जीव खालीवर.

आज विचारते, ‘आज कोणी घातला गाऱ्हाणा?’

‘बंद केलंय.’

‘कित्या?’ चिडलीच. ‘ओमकाराचा ऱ्हवला हा. तेच्या कुत्र्याचा घालूचा होता.’

म्हणजे ही माझ्यावर रागावली ती कशावरून, तर गाऱ्हाणं बंद केल्यावरून. हसावं की रडावं.

सोमवारपासून परत चालू करते. पण हसायचा नियम गेला. ज्याला हसू येईल त्याने हसावं, नाही आलं तर नाही.

रवि. २१ डिसें.

सुजाता आली!

आत्याचा फोन, ‘वैनी इली हा.’ मी नाताळच्या नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, सारण तसंच टाकून निघाले, मग निम्म्या वाटेत म्हटलं, तू कशाला कडमडतेस मध्ये? परत फिरले. संध्याकाळी बाजारातून येताना तिठ्यावर दिसल्या दोघी. दुपारच्या गाडीने आली आणि संध्याकाळच्या गाडीने चालली होती. तन्वीने आईच्या ओढणीचं टोक हाताला गुंडाळून घेतलेलं. दुसऱ्या हातात केकचा खोका.

सुजाता बारीक झालीय. मला जरा बाजूला घेऊन म्हणाली, ‘बाई, मी त्या घरात परत नांदाक येवचंय नाय. माझा ठरला. पण तन्वीक सांगूक जीभ उचालना नाय. तुमी सांगा.’

‘मी? मी कशी सांगू गो?’

‘तुमचा ती आयकता.’

तिच्यावर रागवायचं होतं मला. नाही जमलं. तिच्या तोंडाकडे बघितलं की कळतं, या बाईने काय सोसलंय ते ती कोणाला सांगणार नाही.

गाडी आली. तन्वीने ओढणी सोडवली, आपण होऊन. गाडी वळेपर्यंत हात हलवत होती.

सोम. २२ डिसें.

तन्वी वेळेवर शाळेत. केक आणला होता सगळ्यांना. ओमकारचं कुत्र्याचं गाऱ्हाणं झालं, पोरं आपणहून हसली, बरं वाटलं.

मधल्या सुट्टीत तिला विचारलं, ‘आई आली. बरं वाटलं ना?’

‘व्हय.’ मग बुटाच्या टोकाकडे बघत, ‘पण माझाच चुकला बाई. मी येवची बुद्धी मागलंय. ऱ्हवची मागूक इसारलंय.’

मी ऑफिसात गेले आणि पदर तोंडावर धरून रडले. परब सर हजेरी बघत होते. पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि स्वतः उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. भला माणूस. मागचं सगळं माफ.

शाळा सुटताना तन्वी परत आली. ‘परत घालूचा आसा. नीट.’

म्हटलं, नाताळानंतर घालू.

गुरु. २५ डिसें.

नाताळ. माणसांची ये-जा. चौथीतली पोरं घोळक्याने आली, नेवऱ्यांचा फन्ना उडाला. तन्वी बाळ येशूच्या देखाव्यातल्या गोठ्यासमोर बसून होती किती वेळ. आंतोनला विचारत होती, ‘ही तेची आवस? आणि हो बापूस? दोगय हयच ऱ्हवतत?’

आंतोन माझ्याकडे बघायला लागला. मग म्हणाला, ‘हय खंय गो, मगे तेंका पण गाव सोडून जावचा लागला. पोराक वांगडा घेवन गेले.’

ती परत गोठ्याकडे बघायला लागली.

आज सांगायचं ठरवलं होतं. नाही सांगितलं. आणखी दोन नेवऱ्या दिल्या हातावर.

शुक्र. २६ डिसें.

परब सरांशी बोलले. म्हणाले, ‘बाई, आधी तिला खरं सांगा. मग पाळी द्या. पुन्हा सगळ्यांनी व्हय म्हटलं आणि आई नाही राहिली, तर पोर देवावरही विश्वास ठेवणार नाही आणि तुमच्यावरही नाही.’

अगदी बरोबर. उद्या परिपाठाच्या आधी सांगते. सरळ सांगायचं. तुझी आई तुझ्यावर माया करते, पण या घरात ती राहणार नाही. एवढंच. लांबण लावायची नाही.

शनि. २७ डिसें.

नाही सांगितलं. पोहोचले तर पोरं रांगेत उभी, घंटा झालेली. परिपाठ संपला आणि तन्वीचा हात वर. सगळ्यांनी वळून बघितलं. नाही कशी म्हणू?

आली. हात जोडले. या वेळी मी दोन्ही कान तिच्याकडे लावून उभी.

‘बा देवा म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘माझ्या आवशीक जंय ऱ्हवाचा आसा थंय ऱ्हवांदे.’

‘व्हय म्हाराजा!’

‘पण माका पण वांगडा घेवन ऱ्हवांदे रे म्हाराजा!’

मी तिला काय सांगणार होते? तिला सगळं माहीत होतं. थांब्यावर ओढणी सोडताना माहीत झालं असेल, नाहीतर आधीच.

ओमकार म्हणाला, ‘म्हणजे तू हय नसतलंस? आमच्या शाळेत?’

तन्वीने मान हलवली. नाही.

ती हात जोडून तशीच उभी. व्हय मिळाल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. पोरं माझ्याकडे बघतायत, मी पोरांकडे. व्हय म्हणायचं म्हणजे तिला जा म्हणायचं. सानिकाचे डोळे भरले. ओमकारने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं आणि म्हणाला, लिलाव पुकारणाऱ्या बापाचा पोरगा तो, पण पुटपुटला नुसता, ‘व्हय म्हाराजा.’

मग सानिका. मग सगळी. मी सगळ्यात शेवटी.

हसलं कोणी नाही. हसली ती तन्वी. तोंड उघडून, बाजूचा पडलेला दात दाखवत, जागेवर जाऊन बसेपर्यंत हसत होती.

संध्याकाळी सुजाताला फोन लावला. म्हटलं, तुझ्या पोरीने काय मागितलं ते ऐक. शब्दाला शब्द सांगितलं. तिकडे भांड्यांचा आवाज. मग म्हणाली, ‘बाई, सगळ्यांनी व्हय म्हटल्यानी?’

‘सगळ्यांनी. मी पण.’

फोन ठेवला नाही तिने, मीही नाही ठेवला.